पाण्याची वाट आधी, प्लॉटाची हद्द मागून



आपल्या बोलण्यात गावच्या जमिनीचे दोन रंग असतात. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणायची रीत फार जुनी आहे. जुनी गावठाणे नीट पाहिलीत, तर ती बहुधा थोड्या चढावर, ओढ्यापासून हात राखून बसलेली दिसतील. त्यातच पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, नव्या उठल्या, राख-माती साचत गेली आणि गावठाण आणखी वर उचलले गेले. पावसाचे पाणी चारी अंगांनी उतरून काळीत जाई. काळीला पाणी हवे असते, पांढरीला ते नको असते. अशी ही सोपी वाटणी होती.

आता गाव पांढरीत मावेनासे झाले आहे. भाऊ वेगळे राहू लागले, मुलाची नोकरी तालुक्याला, नातवंडांची शाळा हमरस्त्यावर. मग रस्त्याकडेच्या रानात फक्कीच्या रेषा पडतात, सिमेंटचे खुंट रोवले जातात, रंगीत फलक लागतो आणि कालपर्यंत जिथे ज्वारी डोलत होती तिथे दीड-दीड, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडतात. घरे पांढरीतून काळीत उतरली. जमिनीचे कागद बदलले, मालकाचे नाव बदलले, उतार मात्र जिथल्या तिथे राहिला. आज बोलायचे आहे ते या उताराविषयी. प्लॉट पाडणारा, प्लॉट घेणारा आणि त्या प्लॉटांना लागून ज्याचे रान आहे तो, या तिघांनाही त्याच्याशी काम पडते. आणि आपल्या वाचकांत हे तिघेही आहेत.

दोन भाऊ आणि एक भिंत

समजा, दोन भावांचे रान एकाखाली एक आहे. वरच्या अंगाला धाकट्याचे तीन एकर. खालच्या अंगाला, रस्त्याला लागून, थोरल्याचे पाच एकर. त्याच्याही खाली ओढा. थोरल्याने आपले पाच एकर प्लॉटिंगला दिले. घेणाऱ्याने दोन-तीन फूट भराव टाकला, भोवती भिंत घातली, प्लॉट विकले आणि तो पुढच्या गावी गेला. मृगात काही कळले नाही. श्रावणात झड लागली, तेव्हा धाकट्याच्या सोयाबीनमध्ये भिंतीच्या कडेने पाणी तुंबले. आठवडाभरात पीक पिवळे पडू लागले. भिंतीच्या आतही सुख नव्हते. सोसायटीचे कर्ज काढून, बायकोचे डोरले गहाण ठेवून ज्याने प्लॉट घेतला, त्याच्या नव्या घराच्या जोत्याला ओल चढली आणि कोपऱ्यात भेग गेली.

धाकटा विचारतो, "दादा, माझ्या रानाचं पाणी आता जायचं कुठं?" थोरला म्हणतो, "मी काय करू बाबा? रान आता माझं राहिलं न्हाई." दोघेही खोटे बोलत नाहीत. पण त्या वर्षी पोळ्याला धाकट्याची बैलजोडी थोरल्याच्या दारात येत नाही. पीक पुढच्या साली पुन्हा येईल, भावकीत पडलेली भेग मात्र सिमेंटने बुजत नाही.

ही गोष्ट मी धरून चाललो आहे. पण तुमच्या तालुक्यात हिच्यासारख्या दोन-चार तरी तुम्हाला आठवल्या असतील. असे का होते, ते आधी आकड्यांत पाहू.

एक सर आणि शंभर टँकर

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एखादी जोराची सर तासात ५० मिलिमीटर पडली, तर एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर! थोरल्याच्या पाच एकरांवर शंभर टँकर, आणि तेही एका तासात.

हे सगळे वाहत नाही. नांगरलेल्या, पीक असलेल्या रानात बरेच पाणी मुरते, काही सरीत आणि बांधाआड थांबते. हिशेबापुरते धरू की रुपयातले तीस पैसे पाणी वाहून जाते. मग त्या पाच एकरांतून सेकंदाला सुमारे ८४ लिटर पाणी बाहेर पडेल. आता त्याच जागी पत्रे, स्लॅब, फरशी आणि काँक्रीटचे रस्ते आले. मुरायला जागा उरली नाही. रुपयातले सत्तर पैसे पाणी वाहू लागले, की तेच सेकंदाला १९७ लिटरच्या घरात जाते. पाऊस तोच, जमीन तीच, पण पाणी सव्वादोन पटीहून जास्त. यात धाकट्याच्या तीन एकरांचे पाणी धरलेलेच नाही.

आता पाणी जायला ठेवले काय? बहुतेक ठिकाणी एक फुटी सिमेंटचा नळा. शंभर फुटांला एक फूट असा चांगला उतार असला आणि तो नळा काठोकाठ भरून वाहिला, तरी सेकंदाला शंभर लिटरपेक्षा कमीच पाणी नेतो. उरलेले पाणी मागे तुंबणारच. इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. दोन फुटी नळा एक फुटी नळ्याच्या दुप्पट पाणी नेत नाही, तर सहा पटीहून अधिक नेतो. नळा घेताना चार पैसे वाचवले, तर पुढे दर पावसाळ्यात ते दामदुपटीने फेडावे लागतात.

शेतातला धडा घराला उलटा लागतो

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपल्याला आता पाठ झाले आहे. समपातळीत बांध घालावे, सलग चर खणावे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, हे दुष्काळाने आपल्याला शिकवले. ते बरोबरच आहे. पण हाच धडा घराच्या जोत्याजवळ जसाच्या तसा लावला, तर घर बसते. घराभोवती पाणी थांबता कामा नये. आणि वसाहतीच्या बाहेर पडताना ते धावताही कामा नये, नाहीतर खालच्याचे रान खरवडून नेईल. घराजवळून पाणी चालत गेले पाहिजे आणि ओढ्याला शांतपणे मिळाले पाहिजे. सगळे शास्त्र एवढ्यात आले.

काळ्या जमिनीत हे दुपटीने खरे आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, हे उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगा पाहून तुम्हाला कोणी सांगायला नको. तिच्यावर वरवर पाया घेतला, तर ती दर वर्षी घर उचलते आणि खाली सोडते. ज्या बाजूला पाणी साचते ती बाजू जास्त फुगते, म्हणून भेग बहुधा कोपऱ्यातून तिरपी जाते. पाया भेगांच्या खोलीच्या खाली, शक्यतो घट्ट मुरुमापर्यंत न्यावा आणि घराभोवतीची माती एकदम ओली, एकदम कोरडी होऊ देऊ नये. यासाठी घराभोवती फरशीचा किंवा काँक्रीटचा उतरता पट्टा करतात. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार असावा. अमेरिकेच्या घरबांधणी संहितेतही हेच माप दिलेले आहे. जोते भोवतालच्या जमिनीपासून किती उंच असावे? आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट सांगितले आहे.

तुम्ही जमीन प्लॉटिंगला देणार असाल तर

अकृषिक परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आणि बरेच सोपे झाले. सध्याचा नियम तहसील कचेरीत विचारून घ्यावा. पण कागद सोपा झाला म्हणून पाणी सोपे होत नाही. जमीन देण्याआधी किंवा स्वतः प्लॉट पाडण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली गोष्ट, गाव नकाशा आणि सातबारा पाहा. नकाशावर ओढा, नाला दाखवलेला असतो. सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग 'ब' लिहिलेले क्षेत्र असेल, तर ते कशाचे आहे ते विचारा. रस्ता, पाण्याचा प्रवाह, तलाव अशा सार्वजनिक उपयोगाच्या जागा त्या वर्गात मोडतात. ती जागा प्लॉटात घालून विकणे म्हणजे पुढच्या भांडणाचे बी पेरणे. लहान ओघळी नकाशावर नसतातही. त्या गुराख्याला आणि घरातल्या म्हातारीला ठाऊक असतात. "आजी, मोठ्या पावसात पाणी कुठून जायचं?" एवढे विचारले तरी निम्मी मोजणी झाली.

दुसरी गोष्ट, सर्व्हेअरकडून नुसती हद्द मोजून घेऊ नका. अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या फरकाने समपातळी रेषा काढून घ्या आणि त्या नकाशावर प्लॉट आखा. आधी पाण्याची वाट आखायची, मग तिच्या कडेने रस्ते आणि शेवटी प्लॉट. आपल्याकडे बहुधा उलटे होते. जास्तीत जास्त प्लॉट बसवतात, उरल्या जागेत रस्ता आणि रस्त्याच्या कडेला जमले तर गटार.

तिसरी गोष्ट, खुली जागा कुठे सोडायची ते विचारपूर्वक ठरवा. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या आराखड्यात १० टक्के जागा खुली ठेवायची अट आहे. ही जागा कोपऱ्यात कुठेतरी ढकलण्यापेक्षा ओढ्यालगतच्या सखल अंगाला ठेवली, तर मोठ्या सरीचे पाणी घटकाभर तिथे विसावेल आणि मग ओढ्यात उतरेल. उन्हाळ्यात पोरे तिथेच चेंडूफळी खेळतील.

चौथी गोष्ट, वरच्या शेजाऱ्याच्या पाण्याला पट्टा सोडा. त्याचा खर्च मोजून पाहू. थोरल्याचे पाच एकर ३३० फूट रुंद आणि ६६० फूट लांब धरू. वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत ६६० फूट लांब आणि ६ फूट रुंद पट्टा चरासाठी सोडला, तर ३,९६० चौरस फूट जागा जाते. म्हणजे दोनशे गुंठ्यांतले साडेतीन-पावणेचार गुंठे. एवढ्यात भावाचे पीक राहते, वसाहत कोरडी राहते आणि प्लॉट घेणाऱ्याचा शिव्याशापही लागत नाही. हा पट्टा नकाशावर आणि खरेदीखतात लिहून ठेवा. नुसता तोंडी शब्द पुढच्या मालकापर्यंत पोहोचत नाही.

प्लॉट घेणार असाल तर

प्लॉट विकला जातो वैशाखात आणि राहायचे असते श्रावणात. म्हणून इसार देण्याआधी एकदा तरी चांगल्या पावसात जाऊन जागा पाहा. पायात चिखल लागला तरी चालेल, पुढे डोक्याला ताप होणार नाही. पावसाळा गेलेला असेल, तर खुणा पाहा. शेजारच्या भिंतीवर ओलीची रेघ, झुडपात अडकलेला काडीकचरा, एकाच पट्ट्यात वाढलेला लव्हाळा, पोपडे धरलेली बारीक गाळमाती. पाणी आपली सही करून गेलेले असते.

जागेचा उतार मोजायला इंजिनिअरच पाहिजे असे नाही. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. तिच्यात पाणी भरा आणि बुडबुडे काढून टाका. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि नळीचे एकेक टोक एकेका काठीला धरा. नवरा-बायको किंवा बापलेक दोघे मिळून हे काम तासाभरात करतात. समजा, काठ्या १० मीटर अंतरावर आहेत. एकीवर पाणी जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर थांबले आणि दुसरीवर ९५ सेंटिमीटरवर. दोन्ही ठिकाणचे पाणी एकाच पातळीत असते, म्हणून जिथे आकडा मोठा, तिथली जमीन खाली. म्हणजे १० मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार झाला, शंभराला दीड. असे चारी कोपरे आणि समोरचा रस्ता मोजून घ्या.

मोजल्यावर तीन प्रश्न विचारा. माझ्या प्लॉटातले पाणी रस्त्याच्या गटाराकडे जाते, की शेजाऱ्याच्या अंगणात? त्या गटाराला शंभर फुटांत निदान सहा इंच तरी उतार आहे का? आणि ते गटार शेवटी जाते कुठे? तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळत नाही. कोपऱ्यापर्यंत छान बांधलेले गटार असते आणि पुढे कोणाचे तरी वावर. ज्या गटाराला शेवट नाही, ते लांबलचक डबके समजावे. "पुढे ग्रामपंचायत बघून घेईल," असे कोणी म्हणाले, तर ते पाणी जाण्याची वाट नकाशावर दाखवा म्हणावे.

रस्त्याबद्दलही एक सांगतो. रस्ता नेहमी प्लॉटपेक्षा खाली असावा, म्हणजे गटार भरले तरी जास्तीचे पाणी रस्त्यावरून निघून जाते. पण आपल्याकडे दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडतो. रस्ता चढत जातो आणि घरे खड्ड्यात जातात. जोते बांधताना हे धरून एक पायरी जास्त ठेवा, आणि ग्रामसभेत मागणी करा की आधी जुना थर खरवडा, मग नवा टाका. तसेच, ट्रॅक्टर आत घ्यायला म्हणून दारासमोरचे गटार मुरुमाने बुजवू नका. तिथे पुरेसा मोठा नळा घाला. एकाने बुजवले की वरच्या दहा घरांत पाणी शिरते.

भराव आणि पूररेषा

सखल जागा भरून घेतली म्हणजे काम झाले, असे वाटते. पण भराव हा नुसता ओतून होत नाही. काळी माती भरावाला घेऊ नये, मुरुम घ्यावा. नऊ-नऊ इंचांचे थर टाकावे, प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि रोलर फिरवावा. उतारावरची जमीन कापून सपाट केली असेल, तर कापलेला भाग टणक असतो आणि भरलेला भाग ढिला. घराचा अर्धा भाग टणकावर आणि अर्धा ढिल्यावर आला, तर घर मधोमध चिरते. घाई नसेल, तर भरावावरून निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. भराव धरणाऱ्या भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाणी निघायला भोके ठेवावी आणि त्यांच्यामागे खडी भरावी. मागे कोंडलेले पाणी भिंतीला बैलासारखे रेटत असते.

माळीण तुम्हाला आठवत असेल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले हे गाव दरडीखाली गेले. पुढे आमडे येथे नवे माळीण वसवले आणि २०१७ साली लोक तिथे राहायला गेले. त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीत काही ठिकाणी भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. एवढे दुःख सोसलेल्या माणसांच्या पोटात पुन्हा गोळा आला. नवा भराव पाण्याची परीक्षा पास होईपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवू नये, हा धडा सगळ्यांनीच घ्यायचा आहे.

ओढ्याकाठचा प्लॉट स्वस्त मिळतो, तेव्हा तो स्वस्त का आहे ते विचारा. पुण्याचा आंबिल ओढा एरवी शहरातल्या माणसांच्या डोळ्यांतही भरत नसे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि त्या ओढ्याला लोंढा आला. भिंती कोसळल्या, घरे बुडाली, माणसे दगावली. ओढ्याची रुंदी वर्षाकाठी अकरा महिने रिकामी दिसते. ती रिकामी नसते, एका रात्रीसाठी राखून ठेवलेली असते.

मोठ्या नद्यांच्या काठी पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तिच्या आत घरे बांधायची नसतात. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बंधने पाळून बांधकाम करायचे असते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला म्हणजे पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त, असा धरू नका. दर वर्षी शंभरातला एक संभव असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर दोन वर्षांच्या अंतराने पाहिले आहेत. आपली जागा कोणत्या रेषेत येते, हे घेण्याआधी पाटबंधारे कचेरीत विचारा.

तुमचे रान शेजारी असेल तर

आता धाकट्या भावाकडे वळू. त्याच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे, पण वेळेत केले पाहिजे.

वरच्या जमिनीवर पडणारे पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहते. खालच्या मालकाने त्याला वाहू दिले पाहिजे, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेले आहे. वकील मंडळी त्यालाच ईझमेंटचा कायदा म्हणतात. मात्र हा हक्क आपसूक वाहणाऱ्या पाण्याचा आहे. वसाहतीचे सगळे पाणी गटारात गोळा करून एका तोंडाने शेजाऱ्याच्या उभ्या पिकात सोडायचे, याला त्या हक्काचा आधार नाही. म्हणजे कायदा दोघांनाही बांधतो. खालच्याने पाणी अडवू नये आणि वरच्याने ते फेकू नये.

पाण्याची नैसर्गिक वाट कोणी कायदेशीर अधिकाराशिवाय भिंत, बांध किंवा भराव घालून अडवली आणि त्यामुळे शेतीच्या, चराईच्या किंवा झाडापिकाच्या जमिनीचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. पुष्कळ लोक 'बघू, दिवाळीनंतर बोलू' म्हणता म्हणता ही मुदत घालवतात. तेव्हा भिंत उठू लागली की त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, तुंबलेल्या पाण्याचे फोटो काढून ठेवा, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

तरीही सांगतो, कचेरीची पायरी ही शेवटची पायरी. भिंत पूर्ण होण्याआधी चार जाणत्यांना घेऊन बांधावर बसा. भिंतीच्या तळाशी पुरेशी मोठी मोरी ठेवली, कडेने चर काढून ओढ्याला जोडला, तोंडाशी दगडांची पिचिंग केली, तर काम थोड्या खर्चात उरकते. त्या पाच एकरांतले साडेतीन गुंठे आठवा. कोर्टकचेरीत दोघांचे मिळून त्याहून जास्त जाते.

पावसाचे पाणी आणि मोरीचे पाणी वेगळे

शेवटी घरातल्या बायाबापड्यांना रोज भोगावी लागणारी गोष्ट. पावसाचे पाणी आणि न्हाणी-मोरीचे सांडपाणी एकाच उघड्या गटारात सोडले, की उन्हाळ्यात त्यात गाळ बसतो आणि पावसाळ्यात तेच गटार तुंबून घाण दारात येते. घाण साचली की एक जातीचे डास आणि स्वच्छ पाणी साचले की डेंग्यूचे डास. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पावसाच्या पाण्याला उतारी गटार आणि सांडपाण्याला शोषखड्डा, अशी वेगळी सोय करावी. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गावातली गटारगंगा थांबवली, हे पुष्कळांनी जाऊन पाहिले आहे. मात्र काळ्या चिकण मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. तो मुरुमापर्यंत खोल न्यावा आणि विहीर, हातपंप यांच्यापासून लांब ठेवावा. छपराचे पाणी मात्र गाळून बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडले, तर ते उन्हाळ्यात परत भेटते.

बंधू-भगिनींनो, यातले काहीही फार खर्चाचे नाही. नळीची लेव्हल, सहा फुटांचा पट्टा, पुरेसा मोठा नळा, गटाराला शेवट आणि सहा महिन्यांची मुदत, एवढ्या पाच गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ झाले. हे पान घडी करून ठेवा. घरात प्लॉटाची बोलणी निघतील, त्या दिवशी कर्त्या माणसाच्या हातात द्या, आणि बोलणी बांधावर उभे राहून करा, हॉटेलात बसून नकोत. भावकीत कोणी रान विकायला काढले असेल, तर त्यालाही वाचून दाखवा.

पुढच्या अंकी पायाविषयी बोलू. काळ्या जमिनीत किती खोल खणावे, मुरुम लागला हे कसे ओळखावे आणि गवंड्याला कोणते प्रश्न विचारावे, हे तेव्हा पाहू. तोवर एक काम करा. पुढची मोठी सर आली की डोक्यावर घोंगडे घ्या आणि आपल्या घराला, आपल्या वावराला एक फेरी मारा. पाणी कुठून येते, कुठे अडते आणि कुठे जाते, ते पाहून ठेवा.